पळेल दुसरा, पण पाळी तुमचीच

पन्नाशी ओलांडलेला फलंदाज चेंडू टोलवतो, धापा टाकत पहिल्या बेसवर पोहोचतो आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून अंपायरला खूण करतो. बाकावरचा तरुण सहकारी त्याच्या जागी बेसवर उभा राहतो. गृहस्थ बाहेर बसतात, पण संघातून जात नाहीत. पुढची पाळी आली की बॅट पुन्हा त्यांच्याच हाती. अमेरिकेतल्या हौशी सॉफ्टबॉलमध्ये अशा बदली धावणाऱ्याला ‘कर्टसी रनर’ म्हणतात.

आपल्याला क्रिकेटमधला रनर ठाऊक आहे. तो जखमी फलंदाजासाठी असतो आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तो ऑक्टोबर 2011 पासून बंद झाला. कर्टसी रनरचं तसं नाही. फलंदाजाने आधी स्वतः बेस गाठायचा, मगच दुसरा येतो. हौशी लीगमध्ये त्यासाठी दुखापत दाखवावी लागतेच असं नाही.

मग प्रत्येक संघ सगळ्यात वेगवान गडीच पळवेल की! म्हणून सवलतीला कुंपण आहे. ‘यूएसए सॉफ्टबॉल’ या अमेरिकी संघटनेच्या स्लो-पिच (संथ चेंडूच्या) प्रकाराच्या नियमांत सर्वसाधारण गटासाठी ही सवलत एका इनिंगमध्ये एकदाच मिळते. शिवाय रनर बेसवर असतानाच त्याची स्वतःची फलंदाजीची पाळी आली, तर तो बाद ठरतो आणि बेस सोडून त्याला फलंदाजीला यावं लागतं. त्यामुळे कर्णधाराला क्रम पाहूनच रनर निवडावा लागतो. काही लीगमध्ये तर शेवटी बाद झालेल्या खेळाडूनेच पळायचं असतं. त्याची पाळी नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे हा पेच सहसा येत नाही आणि वेगवान गडी हेरून पाठवण्याची सोयही उरत नाही.

क्रिकेटचा कर्णधार आयत्या वेळी कुणालाही फलंदाजीला पाठवू शकतो. सॉफ्टबॉलमध्ये सामन्याआधी दिलेला क्रम शेवटपर्यंत बंधनकारक असतो. चुकीचा फलंदाज खेळून गेला आणि पुढचा चेंडू पडण्याआधी प्रतिस्पर्ध्यांनी अपील केलं, तर ज्याची खरी पाळी होती तो बाद होतो आणि त्या फटक्यावरच्या धावाही जातात. पुढचा चेंडू पडल्यावर मात्र तक्रार चालत नाही.

स्लो-पिचमध्ये मैदानात दहा जण असतात, पण बऱ्याच हौशी लीग आलेल्या प्रत्येकाला फलंदाजी देतात. मिश्र संघांत पुरुष आणि स्त्री आलटून पालटून येतात. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, मुद्दाम चार ‘बॉल’ (चुकीचे चेंडू) टाकून जोरकस पुरुषाला टाळावं आणि पुढच्या स्त्रीला गाठावं, हीही पळवाट बंद केली आहे: असा ‘वॉक’ (एरवी फुकटचा पहिला बेस) मिळालेल्या पुरुषाला थेट दुसरा बेस मिळतो.

या खेळाचा जन्मच हौसेतला. 1887 साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात जमलेल्या मंडळींनी बॉक्सिंगचा ग्लव्ह बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. आलेल्या प्रत्येकाला खेळता यावं, ही ओढ आजच्या हौशी नियमांतही दिसते.

आपल्या सोसायटीच्या रविवारच्या सामन्यांत गुडघे दुखणारे काका आणि नवशिक्या मुली बहुतेकदा टाळ्या वाजवण्यापुरत्याच उरतात. पुढच्या रविवारी खेळ सुरू होण्याआधी आलेल्या सगळ्यांची नावं क्रमाने कागदावर लिहा, आणि तो क्रम मोडू नका.