अंथरुणावरचा सभासद

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते तेव्हा दोर धरणारे सगळे हात सारखेच दिसतात. वाटप सुरू झालं की फरक कळतो. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, अंगमेहनतीचा वेगळा. प्रमाण गावागणिक आणि संघागणिक बदलतं, पण मालमत्तेचा हक्क आणि श्रमाचा हक्क वेगवेगळा मोजायचा ही रीत कायम असते. ज्याचा जाळ्यात भाग आहे आणि जो दोरही ओढतो, त्याच्या टोपलीत मासळी दोन कारणांनी पडते. तो उद्या आजारी पडला तर त्यातलं एक कारण थांबतं. दुसरं थांबत नाही, कारण त्याचं जाळं अजून पाण्यात जातच असतं.

हाच माणूस गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचाही सभासद असतो, आणि तिथे ही उकल इतकी सहज होत नाही. सर्जेकोट असो, देवबाग असो की आचरा, डिझेलच्या परताव्यापासून शासकीय योजनेच्या अर्जापर्यंत अनेक कामांसाठी संस्थेचं दार ठोठावावं लागतं. अर्धांगवायूचा झटका आला, मणका सरकला, क्षयाचे उपचार सुरू झाले, गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झाली, की सहा महिने ते दोन वर्षं समुद्र बंद. त्या काळात सभासदत्वाचं काय करायचं? माझं मत आधीच सांगतो. सभासदत्व अख्खंच्या अख्खं थांबवू नये. त्याचे भाग सुटे करावेत, आजारी माणसावर ओझं टाकणारे भाग थांबवावेत आणि त्याला धरून ठेवणारे भाग चालू ठेवावेत.

गोल्फ क्लबांमध्ये हा वाद नेहमी निघतो, आणि तो समजून घेतला की आपला प्रश्न अधिक स्पष्ट होतो. खेळाडू वर्षाची वर्गणी आगाऊ भरतो. तीन महिन्यांनी खांद्याची शस्त्रक्रिया होते, पुढचे सहा महिने त्याला काठी फिरवता येणार नसते. तो म्हणतो, न वापरलेले महिने पुढच्या वर्षात धरा. क्लब म्हणतो, तुम्ही आलात न आलात तरी गवत वाढतंच, पाणी द्यावंच लागतं, माळ्यांचा पगार चुकत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. भारतातल्या जुन्या क्लबांनी बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या सभासदासाठी ‘अॅबसेंट मेंबर’ असा प्रकार ठेवला, कमी वर्गणीत नाव शाबूत राहावं म्हणून. शहर सोडून गेलेल्याला जी सवलत मिळते, ती शहरातच अंथरुणावर पडलेल्याला का मिळू नये, याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्याही क्लबाच्या बाजूने सुचत नाही.

गोल्फवाल्याचे बुडतात ते पैसे आणि खेळ. मच्छीमाराचं सभासदत्व ‘थांबलं’ तर काय काय थांबतं, ते क्रमाने पाहू.

पहिला भाग शेअरचा. संस्थेत प्रवेश करताना घेतलेला भाग म्हणजे सभासदाची मालमत्ता. आजारपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाने कुणाचं नामनिर्देशन केलेलं असेल तर त्याच्या पश्चात त्याचा भाग आणि हितसंबंध संस्था त्या व्यक्तीच्या नावे करते. एवढं मात्र खरं की नामनिर्देशन कोरं राहिलेलं असतं ते नेमकं अशा वेळी उघडकीला येतं. दीर्घ आजाराचं निदान झालं की पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या सचिवाकडे जाऊन नामनिर्देशन भरलेलं आहे का, ते पाहून घ्यावं. यात अशुभ काही नाही.

दुसरा भाग वर्षाला भरायच्या पैशांचा. हा थांबवायला सर्वांत सोपा, आणि संस्थांना भीती वाटते ती याचीच. हिशोब करून पाहू. समजा संस्थेत २०० सभासद आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षाला ५०० रुपये येतात. जमा होतात १ लाख. त्यातले ५ सभासद वर्षभर आजारी पडले आणि त्यांची वर्गणी पूर्ण माफ केली, तर तूट २,५०० रुपयांची. उरलेल्या १९५ जणांवर ती वाटली तर माणशी तेरा रुपयांच्या आत. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गुणोत्तर कुठेही फारसं वेगळं येणार नाही, कारण एकाच वेळी दीर्घ आजारी असलेले लोक कुठल्याही गावात थोडेच असतात. कर्जाचा हप्ता ही गोष्ट मात्र निराळी आहे. ती वर्गणीसारखी माफ होत नाही. तिथे मुदत वाढवून मागायची असते, आणि तो अर्ज थकबाकी पडण्याआधी करायचा असतो.

तिसरा भाग हजेरी आणि वापराचा, आणि सगळी गुंतागुंत इथे आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०१३ साली सहकार कायदा बदलला आणि क्रियाशील सभासद ही कल्पना आणली. कलम २६ मध्ये दोन कर्तव्यं सांगितली गेली: सलग पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहणं, आणि त्याच काळात पोटनियमात ठरवलेल्या किमान सेवा निदान एकदा वापरणं. ती न पाळणाऱ्याची नोंद अक्रियाशील म्हणून करायची, आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत त्याला तसं कळवायचं, आणि ते मान्य नसेल तर त्याने ६० दिवसांत सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अपील करायचं. पुढची पाच वर्षंही तसंच राहिलं तर कलम ३५ खाली काढून टाकण्याची कारवाई होऊ शकते, असा तो आराखडा. घटनादुरुस्तीतला राज्यांच्या सहकारी संस्थांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरवला, आणि राज्याच्या कायद्यातल्या या कलमावरही पुढे बरीच ओढाताण झाली. म्हणून आपल्या संस्थेचे आज मंजूर असलेले पोटनियम मागून वाचावेत. मात्र २०१३ चा आराखडा माहीत असणं उपयोगाचं आहे, कारण बऱ्याच पोटनियमांची भाषा त्यातूनच आलेली आहे.

त्या आराखड्यात आजारी माणसासाठी एक खिडकी होती. ज्याची गैरहजेरी सर्वसाधारण सभेने माफ केली आहे, त्याला हजेरीची अट लागू नाही. पण माफीची ही ओळ सभेच्या हजेरीला जोडलेली होती. सेवा वापरण्याच्या अटीला तशी ओळ नव्हती. खुर्चीवर बसवून माणसाला सभेला आणता येतं, समुद्रावर नेता येत नाही. म्हणजे जी गोष्ट आजारपणात अशक्य होते तिलाच माफी नाही. पाच वर्षांची मुदत मोठी आहे, दोन वर्षांच्या आजाराने ती संपणार नाही, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. अडचण येते ती पोटनियमात मुदत आखूड असेल तिथे, किंवा आजारपणाआधीची दोन-तीन वर्षं सभासद इतर कारणांनी दूर राहिलेला असेल तेव्हा. शिवाय मच्छीमार संस्थेत आणखी एक प्रश्न विचारला जातो: हा माणूस खरोखर मासेमारी करतो का? क्रियाशील मच्छीमारांची यादी तपासताना अंथरुणावरचा माणूस ‘मासेमारी करत नाही’ या रकान्यात जाणं फार सोपं असतं.

क्रियाशीलतेची अट वाईट हेतूने आलेली नाही, हेही सांगायला हवं. ज्यांनी कधी समुद्राचं पाणी अंगावर घेतलं नाही, अशी नावं सभासद यादीत भरून निवडणुका जिंकण्याचे प्रकार सहकारात सर्वत्र झाले आहेत. खऱ्या मच्छीमाराची संस्था खऱ्या मच्छीमाराच्या हातात राहावी म्हणून चाळणी हवीच. पण चाळणीची भोकं अशी असावीत की खोटा सभासद खाली पडेल आणि आजारी सभासद वर राहील. दोघांतला फरक कागदावर सहज दाखवता येतो: आजारी सभासदाकडे आधीच्या वर्षांच्या मासेमारीची नोंद असते, खोट्याकडे नसते.

चौथा भाग मताचा. सहकारात एक सभासद, एक मत, आणि ते स्वतः द्यायचं. आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवता येत नाही. त्यामुळे घराबाहेर पडता न येणाऱ्याचं मत व्यवहारात बुडतंच. म्हणूनच नियमाने ते आणखी काढून घेण्याची गरज नाही. ज्या दिवशी त्याला चारजणांनी उचलून सभेला आणलं, त्या दिवशी त्याला मत असलं पाहिजे. ‘सभासदत्व स्थगित’ असा शेरा मारून संस्था मोकळी झाली तर हा हक्क नकळत जातो, आणि आजारी माणसाबद्दलचा ठराव त्याच्याशिवाय होतो.

पाचवा भाग सरकारी आधाराचा, आणि आजारी घराला हाच सर्वांत जास्त लागतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखालच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि अपघाताने रुग्णालयात राहावं लागल्यास २५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतात. हा विमा अपघाताचा आहे, आजाराचा नाही. होडीवर पडून मणका मोडला तर तो उपयोगी पडतो, क्षयाला नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचं बिल भागू शकतं, बुडालेल्या दिवसांचे पैसे तीही देत नाही. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला राज्य कामगार विमा योजनेतून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. क्षय, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत पात्र कामगाराला दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. होडी चालवणाऱ्या तांडेलाला आणि खलाशांना असं काहीही नाही. त्यांच्याजवळ जो थोडा आधार आहे तो यादीतल्या नावाला बांधलेला आहे, आणि तेच नाव आजारपणात यादीतून गळलं तर माणूस दोनदा बुडतो.

होडीचं वेगळं पाहावं लागतं. मालक आजारी असला तरी होडी तांडेलाबरोबर समुद्रात जात असेल तर डिझेलचा परतावा होडीच्या फेऱ्यांवर मिळायला हवा, मालकाच्या तब्येतीवर नाही. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली असेल तर परतावा मागण्याचा प्रश्नच नाही. पण नोंदणी आणि परवान्याच्या तारखा घरच्यांनी डोळ्यांसमोर ठेवाव्यात. त्या एकदा हुकल्या की बऱ्या झालेल्या माणसाला समुद्राआधी कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात.

आता हे सगळं कसं घडवून आणायचं. सभासदाच्या बाजूने एक साधा अर्ज पुरेसा असावा: आजाराचं स्वरूप, कधीपासून, डॉक्टरांच्या मते किती काळ, आणि सोबत दाखला. रुग्णाला सही जमत नसेल तर अंगठा, तोही शक्य नसेल तर घरच्या माणसाचा अर्ज. आजाराचं नाव सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवू नये; क्षय किंवा मानसिक आजार असेल तर घराला त्याचा त्रास होतो. समितीच्या दोन सदस्यांनी दाखला पाहिला आणि ‘वैद्यकीय कारण’ एवढंच सभेसमोर ठेवलं की काम होतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. म्हणून अर्ज सूचना निघण्याच्या आधी पोचावा, म्हणजे गैरहजेरी माफ करण्याचा विषय विषयपत्रिकेवर येतो. आयत्या वेळच्या विषयांत तो ढकलला तर पुढे कुणीही हरकत घेऊ शकतं. ठरावाची नक्कल मागून घरात जपावी.

संस्थेच्या बाजूने पोटनियमात एक कलम घालावं लागेल, आणि पोटनियमाची दुरुस्ती निबंधकाकडे नोंदली गेल्यावरच लागू होते. त्या कलमात मुदत कशी मोजायची हे स्वच्छ लिहायला हवं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते. जूनमध्ये हात मोडला आणि ऑगस्टमध्ये बरा झाला, तर अशा होडीवरच्या माणसाचे मासेमारीचे दिवस जवळजवळ बुडालेलेच नाहीत. तोच हात ऑगस्टमध्ये मोडला तर ऐन हंगाम जातो. म्हणून बंदीचे ६१ दिवस वगळून, हंगामातले सलग तीन महिने बुडत असतील तर सवलत सुरू व्हावी, असं मला वाटतं. एका वेळी एक वर्ष द्यावं, नवा दाखला आला की पुढे वाढवावं. आजारपणाचा काळ क्रियाशीलतेच्या पाच वर्षांतून सरळ वजा करावा. म्हणजे मोजणी जिथे थांबली तिथून पुढे चालू होईल.

आणि परतण्याचा विचारही त्याच कलमात असावा. हृदयाची शस्त्रक्रिया झालेला माणूस एकदम रापणीचा दोर ओढायला जात नाही. तो आधी किनाऱ्यावर बसून जाळी विणतो, फाटलेली शिवतो, लिलावाच्या वेळी हिशोब लिहितो. कधी कधी तो परत कधीच खोल समुद्रात जात नाही, पण ही कामं वीस वर्षं करतो. त्यातल्या प्रत्येक कामावाचून मासेमारी अडते. संस्थेच्या किमान सेवांच्या यादीत जाळं दुरुस्त करणं, मासळी संस्थेमार्फत विकणं, संस्थेतून दोर आणि सूत घेणं ही कामं नावानिशी लिहिली, तर अशा माणसाला दरवर्षी सभेपुढे माफी मागायला उभं राहावं लागणार नाही.