वारा, आग, पाणी मुठीत धरणारा मंक
‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये आला. निःशस्त्र लढणारा भिक्षू, म्हणजे मंक, त्यात १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीतून दाखल झाला. २०१४ च्या नियमपुस्तकात त्याचा चार महाभूतांचा उपप्रकार होता. २०२४ मध्ये तो ‘वॉरियर ऑफ द एलिमेंट्स’ म्हणून नव्याने लिहिला गेला.

• तिसरी पातळी: १ फोकस पॉइंट (मंकाच्या खास शक्तीचं एकक) खर्चून १० मिनिटं महाभूतांचं बळ. ठोशाचा पल्ला १० फुटांनी वाढतो. मार आम्ल, थंडी, आग, वीज किंवा गडगडाटाचा करता येतो. शत्रूचा बचावाचा फासा हुकला, तर त्याला १० फुटांपर्यंत ओढा किंवा ढकला.

• सहावी: २ पॉइंटांत, १२० फुटांच्या आत, २० फूट त्रिज्येचा स्फोट.

• अकरावी: हे बळ अंगात असेतो चालण्याच्याच वेगाने उडता-पोहता येतं.

• तुमच्या मंकाच्या पार्श्वकथेतला मठ कुठला? घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, पुढे लोकलने बोरिवली, की राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षं इथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. शंभराहून अधिक लेणी आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्या, खडकात खोदलेल्या पोढ्या ही तयार पार्श्वकथाच.

• लक्षात ठेवा: पाणी हा माराचा प्रकार नियमांत नाही. जलप्रेमी मंकाने थंडी निवडावी.