विश्लेषण : बाटलीतले सगळेच पाणी ‘मिनरल’ असते का?

लग्नाचा हॉल असो वा एसटी स्टँड, बाटलीबंद पाण्याला आपण सरसकट ‘मिनरल वॉटर’ म्हणतो. घरात कुणी आजारी पडले की तेच पाणी औषधासारखे आणले जाते. पण लेबल वाचले, तर बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे लिहिलेले असते. हे दोन वेगळे प्रकार आहेत.

फरक काय?

नैसर्गिक मिनरल वॉटर म्हणजे झऱ्याचे किंवा भूगर्भातले, मूळची खनिजे न बदलता उगमापाशीच भरलेले पाणी. त्याचे मानक आयएस १३४२८. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर (आयएस १४५४३) बोअरचे किंवा नळाचेही असू शकते. ते सहसा आरओमधून काढून निर्जंतुक करतात. आरओमध्ये बरीचशी खनिजे निघून जातात. काही कंपन्या थोडी परत मिसळतात.

खनिजांचा फायदा किती?

खरे मिनरल वॉटर घेतले तरी हिशेब करून पाहा. लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम धरले, तर दोन लिटरमधून १०० मिलिग्रॅम मिळते. प्रौढांसाठी आयसीएमआरची शिफारस रोज १००० मिलिग्रॅमची आहे. कपभर दुधात दोनशेच्या वर, तर १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गंमत म्हणजे बोअरच्या ज्या जड पाण्याला आपण नाक मुरडतो, त्यात ही खनिजे बाटलीपेक्षा जास्त असू शकतात. त्वचा उजळते, वजन घटते या दाव्यांना ठोस आधार नाही. मॅग्नेशियम व सल्फेट भरपूर असलेल्या काही युरोपीय पाण्यांनी बद्धकोष्ठता कमी झाल्याचे अभ्यास आहेत. पण ते पाणी आपल्या टपरीवर मिळत नाही.

मग बाटली कशासाठी?

सुरक्षित पाण्यासाठी. नळाला गढूळ पाणी येत असेल किंवा यवतमाळ, चंद्रपूरमधील काही गावांप्रमाणे पाण्यात फ्लोराइड असेल, तर पर्याय लागतोच. फ्लोराइड उकळून जात नाही. मात्र गल्लीत येणाऱ्या थंड पाण्याच्या जारवर अनेकदा सील, तारीख, परवाना यांपैकी काहीच नसते. बाटलीबंद पाण्याला एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये अतिजोखमीच्या अन्नपदार्थांत टाकले आहे. त्यामुळे १४ अंकी परवाना क्रमांक आणि न तुटलेले सील पाहूनच पाणी घ्यावे.

चौघांच्या घरात रोज आठ लिटर पाणी २० रुपयांच्या बाटल्यांनी आणले, तर महिन्याला ४८०० रुपये होतात. पालिकेचे शुद्ध केलेले पाणी येत असेल आणि तरी शंका वाटली, तर ते गाळून, किमान एक मिनिट खळखळून उकळून झाकून ठेवावे.