कापडी छताची गाडी आणि पावसाचे पाणी

उघड्या स्पोर्ट्स कारचे कापडी छत, म्हणजे हूड, पत्र्याच्या छतासारखे एकसंध नसते. पुढे ते समोरच्या काचेच्या चौकटीला खटक्यांनी अडकवलेले असते, दोन्ही बाजूंना दारांच्या काचा त्याच्या रबरावर टेकतात आणि मागची कड गाडीच्या पत्र्याला पट्ट्यांनी आवळलेली असते. एवढ्या सांध्यांतून कुठेतरी पाणी झिरपणार, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी त्याचा उत्तम नमुना आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि २०१६ पर्यंत तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. हिरोशिमात बनलेल्या या गाड्या ब्रिटनच्या पावसात वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या, त्यामुळे त्यांच्या गळतीच्या बहुतेक वाटा आता माहीत झाल्या आहेत.

आतली मॅट ओली दिसली की मालकाचा पहिला संशय हूडवर जातो. कापड जुने झाले, बदलून टाकावे, असे त्याला वाटते. हा खर्च पुष्कळदा वाया जातो. हूडच्या मागच्या कडेखाली प्लॅस्टिकची एक पन्हळ असते. कौलारू घराच्या वळचणीला लावतात तशीच ती काम करते: मागच्या काचेवरून उतरलेले पाणी झेलायचे आणि दोन्ही टोकांना न्यायचे. तिथे सीटबेल्टच्या खांबामागे एकेक भोक असते. भोकाला जोडलेली नळी गाडीच्या पोटातून खाली जाते आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे पाणी जमिनीवर सोडते. म्हणजे मागच्या बाजूला पाणी पुरते अडवण्याचा बेत मुळातच नसतो. त्याला फक्त वाट दिलेली असते.

ही वाट बुजली की खरे दुखणे सुरू होते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत सुकलेली पाने, पाइनच्या सुया आणि धूळ भोकाशी साचून चिखलाचा बोळा होतो. मग पाणी काठावरून सीटमागच्या कार्पेटवर सांडते, नाहीतर पत्र्याच्या पोकळीत मुरते. दाराखालचा पत्र्याचा पोकळ पाट मागच्या चाकाजवळ आतून गंजतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा बराच गेलेला असतो. ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत जुन्या एमएक्स-५ नापास होण्याचे हे नेहमीचे कारण आहे, आणि त्यावर वेल्डिंगशिवाय इलाज नाही.

नळी साफ करणे मात्र सोपे आहे. हूड मागे घेऊन बॅटरीच्या उजेडात भोक शोधावे, हाताला लागेल तेवढा कचरा उचलावा आणि गवत कापण्याच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवावी. लोखंडी तार किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरण्याचा मोह टाळलेला बरा. नळी आत कुठे सांध्यातून निसटली, तर तिथून पुढचे सगळे पाणी थेट त्या पोकळ पाटात जाईल. शेवटी तांब्याभर पाणी सावकाश ओतून ते दोन्ही बाजूंना खाली धारेने पडते का ते पाहावे. थेंब थेंब पडत असेल तर काम अर्धेच झाले आहे. वाट मोकळी असूनही पाणी आत येत असेल, तर पन्हळच तडकलेली असू शकते. जुने प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते.

गळती पुढच्या बाजूला असेल तर शोध वेगळा. पाणी दिसते तिथूनच आत आलेले असते असे नाही. ते सांगाड्याच्या नळीवरून घरंगळत दोन हात लांब जाऊन टपकते. म्हणून एकाने बॅटरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने मंद धार सोडावी, तीही खालून सुरुवात करून हळूहळू वर नेत. वरून सुरुवात केली तर सगळे एकदम भिजते आणि काहीच कळत नाही. काच आणि रबर यांच्यात कागदाची पट्टी धरून दार लावण्याची युक्तीही जुनी आहे. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथे दाब नाही. दाराची काच थोडी आत किंवा वर घेऊन आणि पुढच्या खटक्यांची पकड वाढवून बरेचदा भागते. चपटे झालेले वा चिरलेले रबर मात्र बदलावेच लागते. चांगल्या रबराला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. खनिज तेलाचे ग्रीस अशा रबराला फुगवते.

कापडाचा नंबर सर्वांत शेवटी. पहिल्या पिढीच्या बहुतेक गाड्यांना व्हायनिलचे हूड आणि चेनने उघडणारी प्लॅस्टिकची मागची काच होती. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत खरी काच आली. व्हायनिल घडीच्या जागी तडकते, तर विणलेल्या कापडाचा पाणी झटकण्याचा गुण काही वर्षांत ओसरतो. धुऊन पूर्ण वाळल्यावर त्यावर जलरोधक फवारा मारला की तो बराचसा परत येतो. शिवणीतून पाझर असेल तर शिवणीसाठीचे सीलंट लावावे. प्रेशर वॉशर जवळून मारणे आणि ओले हूड घडी घालून ठेवणे या दोन सवयी कापडाला भोवतात.

डिकीत पाणी सापडले तर हूडला दोष देऊ नये. तिथे मागच्या दिव्यांची पॅकिंग आणि झाकणाचे रबर तपासावे. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरीही डिकीतच असते, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये.

गळती थांबल्यावर सुकवण्याचे काम उरते. कार्पेट वरून कोरडे लागते, पण त्याखालचा जाड थर आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. अमेरिकेत विकलेल्या पहिल्या पिढीच्या गाड्यांत इंजिनचा संगणक शेजारच्या प्रवाशाच्या पायाखाली, याच कार्पेटच्या आड बसवलेला आहे. त्यामुळे सीट काढून कार्पेट उचलणे, खालचा थर बाहेर काढून उन्हात वाळवणे आणि पत्र्यावरचा गंज घासून रंग देणे, हे सगळे उरकूनच कार्पेट पुन्हा घालावे.