भाषण-संभाषणातील दृष्टी आणि वर्गातील मूल

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील गुलमंडी हा जुन्या बाजारपेठेतील गजबजलेला चौक होय. पैठण गेटकडून टिळक पथाने या चौकाकडे येताना कापडाची दुकाने लागतात. मुरलेला दुकानदार ठाण उलगडीत असता गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकतो; परंतु त्याचे लक्ष असते ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे. तोंडाने 'महाग आहे' म्हणणाऱ्याची नजर एखाद्या लुगड्यावर वारंवार वळते, आणि दुकानदार तेच पुढे सरकवितो. दुसऱ्याचे मन ओळखण्यास दृष्टीचा किती उपयोग होतो, याचा हा रोजच्या व्यवहारातील पाठच होय.

चौकातील सभेत याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. जेथे अनेक रस्ते एकत्र येतात तेथे श्रोते वक्त्याच्या समोर तसेच दोन्ही बाजूंस उभे असतात. वक्ता केवळ पुढील रांगेकडे पाहून बोलू लागला की कडेच्या लोकांत चुळबुळ सुरू होते, आणि हळूहळू ते वाटेस लागतात. आपल्याकडे कोणी पाहत नाही, तेव्हा हे बोलणे आपल्यासाठी नाही, अशी त्यांची समजूत होते. गावच्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळीत असता नेमके हेच घडते, हे सुज्ञ शिक्षकांच्या ध्यानी येईलच.

दृष्टीचे महत्त्व आपल्या पूर्वजांनी सूक्ष्मपणे जाणले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात रस व भाव यांस अनुसरून दृष्टीचे छत्तीस प्रकार वर्णिलेले आहेत. महाराष्ट्राच्या कीर्तनपरंपरेतही याचा प्रत्यय येतो. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तर घेत आणि त्या उत्तरावरून पुढील विषयाकडे वळत. समोरच्या माणसाकडे पाहिल्यावाचून अशी प्रश्नोत्तरे रंगणे शक्यच नाही.

संभाषणात मात्र दृष्टीचा व्यवहार निराळा असतो. ॲडम केंडन या संशोधकाने १९६७ साली दाखवून दिले की, बोलणारा माणूस दीर्घ बोलण्याच्या आरंभी बहुधा नजर दुसरीकडे वळवितो आणि बोलणे संपत आले की ऐकणाऱ्याकडे पाहतो. जणू 'आता तुमची पाळी' असे तो डोळ्यांनी सुचवितो. तत्पूर्वी १९६५ साली मायकेल अर्गाइल व जॅनेट डीन यांना असे आढळले की, दोन माणसे जसजशी जवळ येतात तसतशी त्यांची एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याची प्रवृत्ती कमी होते. सारांश, एकसारखे टक लावून पाहणे हे चांगल्या संभाषणाचे लक्षण नव्हे. पाहणे आणि नजर वळविणे या दोहोंच्या मेळानेच संभाषण चालते.

आता प्रश्न येतो तो मुलांचा. शिक्षकाने प्रश्न विचारला आणि मुलाने खाली किंवा आढ्याकडे पाहिले, की 'इकडे बघ!' असे आपण सहज दरडावतो. वस्तुतः ते मूल त्या वेळी विचार करीत असण्याचा संभव अधिक. स्कॉटलंडमधील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर दुसरीकडे वळविण्यास शिकविले, तेव्हा त्यांची उत्तरे अधिक बरोबर येऊ लागली. समोरच्याचा चेहरा न्याहाळणे हे देखील मनाला पडणारे एक कामच आहे. त्यातून सुटका झाली की मन प्रश्नाकडे लागते.

शिवाय, वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवावी हा संस्कार आपल्या अनेक घरांतून, विशेषतः मुलींवर, आजही केला जातो. घरी जी मर्यादा मानली जाते तिलाच शाळेत 'नजर चोरणे' असे नाव मिळाले, तर मुलाने करावे काय? काही मुलांना जन्मतःच डोळ्याला डोळा भिडविणे असह्य होते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांचे असे असते. काहींची दृष्टीच अधू असते. अशा मुलावर खोटेपणाचा वा बेपर्वाईचा आरोप झाला, तर ते मूल पुढे उत्तर देण्याचेच सोडून देते. ही हानी हजेरीपटावर दिसत नाही, म्हणून ती अधिक गंभीर मानली पाहिजे.

तेव्हा दृष्टी देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ती मुलाकडून सक्तीने वसूल करावयाची वस्तू नव्हे. या दृष्टीने पुढील सूचना उपयुक्त ठरतील:

१. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. लिहिणे संपवावे, वळावे आणि मग बोलावे.

२. एक वाक्य एका मुलाकडे पाहून पुरे करावे. पुढील वाक्य वर्गाच्या दुसऱ्या भागाकडे पाहून बोलावे. मागील रांग व दोन्ही कडा यांचे स्मरण ठेवावे.

३. प्रश्न विचारल्यावर काही क्षण थांबावे. मुलाने नजर वळविली तरी त्यास टोकू नये.

४. लाजऱ्या मुलाच्या डोक्याशी उभे राहून उत्तर मागू नये. दोन पावले मागे सरावे, अथवा त्याच्या शेजारी बसून दोघांनी मिळून पुस्तकाकडे पाहावे.

५. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणासाठी मुलांची तयारी करून घेताना पाठांतरावरच भर देऊ नये. समोर तीन ठिकाणी तीन मित्र उभे करावेत व त्यांच्याकडे आलटून पालटून पाहत बोलण्याचा सराव द्यावा. ज्यास हे जड जाते त्याने श्रोत्यांच्या कपाळाकडे पाहिले तरी चालते.

६. पालकसभेत शिक्षकाने केवळ सरपंच व मान्यवर यांच्याकडे पाहून बोलू नये. दाराशी उभ्या असलेल्या मातांकडेही पाहून बोलावे.

या गोष्टींस खर्च नाही की साहित्य नाही. मात्र, गुरुजी आपल्याकडे पाहतात आणि ते पाहणे धाकाचे नसून आपुलकीचे आहे, अशी खात्री पटलेले मूल पुढे केव्हातरी आपण होऊन मान वर करते आणि बोलू लागते.