काळं की पांढरं, कॅमेऱ्याला कुठे ठाऊक?

मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवेवर श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि पुढे २००८ची युवा राष्ट्रकुल स्पर्धा, २०१९ची खेलो इंडिया, प्रो कबड्डीचे कितीतरी सामने तिथे रंगले. भर दुपारी या आवारातून बॅडमिंटन हॉलमध्ये पाऊल टाकलं, की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते आणि लगेच सगळं स्वच्छ दिसू लागतं. एवढ्याशा वेळात केवढी उलथापालथ झालेली असते! बाहेरच्या उन्हात ऐंशी हजार लक्सच्या आसपास उजेड असतो. आत सहाशे-सातशे लक्स मिळाले, तरी फोटोग्राफर खूश होतो. म्हणजे शंभरपटीहून जास्त उजेड दाराबाहेरच राहिला आणि डोळ्यांनी तो फरक क्षणात पचवला.

कॅमेऱ्याला हे जमत नाही. सहाशे-सातशे लक्समध्ये चढाईपटूची उडी गोठवायची, तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं, भिंगाचं छिद्र २.८ आणि आयएसओ ३२०० ठेवावा लागतो. हाताशी फारसं काही शिल्लक उरत नाही. म्हणून उजेडाचं माप चुकलं, तर त्याची किंमत मैदानापेक्षा छपराखाली जास्त मोजावी लागते.

आता मापाची गंमत पाहा. कॅमेऱ्यातला मीटर दिव्यांचा उजेड मोजत नाही. वस्तूवर पडून परतलेला उजेड मोजतो. समोर काय आहे, हे त्या साध्या मीटरला ठाऊकच नसतं. म्हणून त्याने एक गृहीत धरलेलं असतं: दिसेल ते मध्यम राखाडी आहे, पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परतवणारं. तलवारबाजीचा पांढराशुभ्र पोशाख दाखवा, तो त्याला राखाडी करू पाहतो. काळी भिंत दाखवा, तिलाही राखाडीच करू पाहतो. मीटरिंगचे, म्हणजे उजेड मोजण्याचे, सगळे मोड म्हणजे या एका भाबड्या समजुतीवर शोधलेले उपाय आहेत.

त्यातला सर्वांत चकित करणारा उपाय मॅट्रिक्स. १९८३ साली निकॉनच्या एफए कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजला आणि त्यांची तुलना केली. १९९६च्या एफ५मध्ये १,००५ बिंदूंचा रंग ओळखणारा संवेदक आला आणि त्याच्या जोडीला तीस हजारांहून अधिक प्रत्यक्ष छायाचित्रांवरून बांधलेली माहिती. म्हणजे बटण दाबताच कॅमेरा समोरचं दृश्य हजारो जुन्या दृश्यांच्या अनुभवाशी ताडून पाहू लागला! लग्न, डोंगर, समुद्र, रस्ता, सगळीकडे मी निर्धास्तपणे याच मोडवर भरवसा ठेवेन.

प्रो कबड्डीत मात्र हा शहाणाही गडबडतो. तिथे झगमगाट मॅटवर आणि प्रेक्षक अंधारात. चढाईपटू कडेला सरकला, की त्याच्यामागे काळोख भरतो. मीटरला वाटतं, उजेड कमी पडला. तो फोटो उजळवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. पुढच्याच क्षणी खेळाडू मध्यरेषेकडे परततो, वरून टिपताना मागे लख्ख मॅट येतं आणि आता चेहरा काळवंडतो. खेळाडूवर पडणारा उजेड या दोन क्षणांत जवळजवळ तेवढाच होता. बदलली ती फक्त पार्श्वभूमी.

मग स्पॉट मीटरिंग? ते चौकटीच्या दोन-तीन टक्क्यांएवढं वर्तुळ मोजतं आणि बाकी सगळं सोडून देतं. ऐकायला उत्तम, पण धावत्या खेळात ते वर्तुळ आता जर्सीवरच्या पांढऱ्या आकड्यावर, तर लगेच काळ्या केसांवर पडतं. शिवाय कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ते मध्यभागीच अडकलेलं असतं, निकॉनमध्ये फोकसच्या बिंदूबरोबर फिरतं. आपला कॅमेरा काय करतो, हे आधी पाहून ठेवायला हवं. जुनं सेंटर-वेटेड मीटरिंग मध्यभागाला जास्त वजन देतं. ते हुशार नाही, पण त्याचं वागणं आधी ओळखता येतं. दोन मल्ल चौकटभर भिडलेले असतात, तेव्हा मला ते मॅट्रिक्सहून बरं वाटतं. २०१४च्या निकॉन डी८१०पासून लख्ख भाग जपणारा हायलाइट-वेटेड मोडही आला. अंधाऱ्या हॉलमधल्या प्रखर झोतांसाठी तो खास उपयोगी.

तरीही माझं ठाम मत असं, की बंदिस्त हॉलमध्ये खरी निवड यांच्यापलीकडची आहे. छपराखाली ढग येत नाहीत, सूर्य कलत नाही. दिवे तेच राहतात, बदलतात ते कपडे आणि पार्श्वभूमी. मग प्रत्येक फोटोला नव्याने मोजायचं कशाला? सामन्याआधी मॅटच्या कडेला उभं राहावं, खेळाडूचा चेहरा जिकडे असेल तिकडे आपला तळहात धरावा आणि स्पॉट मीटरने तो मोजावा. माणसांच्या त्वचेचे रंग कितीही वेगळे असले, तरी तळहातांत तेवढा फरक नसतो. तळहात मध्यम राखाडीच्या साधारण दुप्पट उजेड परतवतो, म्हणून मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त द्यायचा. तेच आकडे मॅन्युअलवर कायम करायचे. मॅटचे कोपरे आणि मध्य वेगवेगळे तपासून घ्यायचे, कारण दिवे सगळीकडे सारखे पडत नाहीत.

बालेवाडीच्या याच संकुलात जानेवारी २०२०मध्ये हर्षवर्धन सदगीर ‘महाराष्ट्र केसरी’ झाला आणि हरलेल्या शैलेश शेळकेला, कुस्ती प्रशिक्षक काका पवारांच्या तालमीतल्या आपल्याच जोडीदाराला, त्याने खांद्यावर उचलून घेतलं. अशा क्षणी चौकटीत कोण काय घालून शिरेल, सांगता येत नाही. मोजमाप आधी झालेलं असेल, तर हात फक्त बटणावर असतो.

अपवाद आहेत. शाळेच्या हॉलमध्ये छतात पारदर्शक पत्रे असतील आणि मुळशीचा पावसाळा वर दाटून येत असेल, तर उजेड खरोखरच बदलत राहतो. तिथे शटर आणि छिद्र कायम ठेवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवावा आणि मॅट्रिक्सला काम करू द्यावं.

सगळं बिनचूक करूनही कधी लागोपाठचे फोटो एक उजळ, एक मंद येतात, कधी अर्ध्या चौकटीचा रंगच पालटतो. दोष मीटरचा नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला हे स्थिर दिसतं, पण हजाराव्या भागाचं शटर त्या लाटेचा दहावा हिस्साच पकडतं, कधी माथा, कधी तळ. २०१४च्या कॅननच्या सेव्हन-डी मार्क टूमध्ये यावर उपाय आला आणि आता तो अनेक कॅमेऱ्यांत असतो. मेन्यूमध्ये अँटी-फ्लिकर नावाने सापडतो. तो चालू केला, की कॅमेरा दिव्यांची लय ओळखतो आणि बटण दाबल्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत थांबून, दिवे ऐन भरात असतानाच शटर उघडतो.