उलटा बसवलेला खांदा

पावसाळ्यात बिरवाडीच्या अंगणांना शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. माझी आत्या तशीच पडली. वय पंचाहत्तरीपुढचं, हाडं ठिसूळ, सगळा भार उजव्या अंगावर. दंडाचं हाड खांद्यालगत मोडलं. तेल चोळून हात बसवणाऱ्याचं नाव शेजारणीने लगेच सुचवलं. आम्ही ते टाळलं, कारण तुकडे झालेलं हाड ओढलं तर शेजारची नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. हात झोळीत घेऊन महाड गाठलं. तिथे एक्स-रे झाला, नंतर सीटी स्कॅन.

‘चार भाग’ असं निदान झालं. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७० साली हा हिशेब घालून दिला. हाडाचा गोल माथा, स्नायू चिकटतात ते दोन उंचवटे आणि खालचा दांडा, असे हे चार भाग. तुकडा एक सेंटिमीटरहून जास्त सरकला किंवा ४५ अंशांहून जास्त कलला, तरच तो वेगळा धरायचा.

डॉक्टरांनी ऑपरेशनची घाई केली नाही. अशा बहुतेक मोडी झोळी आणि व्यायाम यांवरच सांभाळतात. ब्रिटनमधल्या २५० रुग्णांच्या ‘प्रोफर’ अभ्यासात (२०१५) ऑपरेशन केलेले आणि न केलेले रुग्ण दोन वर्षांनी सारखेच निघाले. मात्र ऑपरेशन उघडच हवं अशा मोडी त्या अभ्यासात घेतल्या नव्हत्या. आत्याचा तर माथाच चिरलेला होता. रक्तपुरवठा तुटलेला माथा प्लेट-स्क्रूने धरला, तरी पुढे खचण्याची भीती असते.

मग डॉक्टरांनी सांध्याचा नमुना टेबलावर ठेवला. मूळ खांद्यात गोळा दंडाच्या हाडाला असतो आणि खळगी खवाट्याला. इथे गोळा खवाट्याला स्क्रूने बसवलेला होता आणि वाटी दंडात जाणाऱ्या धातूच्या दांड्यावर. ही उलटापालट फ्रान्सच्या दिजों शहरातल्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली रुजवली. हात फिरण्याचा मध्य त्यामुळे आत आणि खाली सरकतो, आणि खांद्यावरच्या जाड डेल्टॉइड स्नायूला जास्त तरफ मिळते. आतले स्नायू वयाने झिजलेले असले, तरी हात वर उचलण्याचं काम तो निभावतो. मात्र त्याची नस शाबूत हवी. म्हणून डॉक्टर आत्याच्या दंडावर बाहेरून बोट फिरवत विचारत होते, “आजी, कळतंय का?” मोडलेले उंचवटेही टाकून देत नाहीत. ते जाड दोऱ्याने कृत्रिम सांध्याभोवती बांधतात. ते नीट जुळले, तर हात बाहेरच्या अंगाला वळायला मदत होते.

असा उलटा सांधा आत्याला बसवला. पण खरी कसोटी लागली ती घरी परतल्यावर. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं की हात पाठीमागे न्यायचा नाही आणि हातावर भार देऊन उठायचं नाही. सांधा निखळण्याचा धोका त्यातच. पण आमच्याकडे जेवण पाटावर, भाजी विळीवर, संडास उकिडवा. दर वेळी उठताना तळवा जमिनीला टेकतोच. म्हणून खाट आली, कमोडची खुर्ची आली, पुढून हुकांचे सैल ब्लाउज शिवले आणि विळी माळ्यावर गेली. आत्या करवादली, “हात नवा दिलात नि कामं काढून घेतलीत!” हाडांच्या बळकटीची औषधंही सुरू झाली. खांदा बदलला, तरी बाकीचा सांगाडा तोच आहे, आणि पुढच्या पडण्यात खुब्याचा नंबर लागू शकतो.

आता आत्याला केस विंचरता येतात, फडताळातला डबा काढता येतो. पदर मागे कमरेला खोचायला मात्र सून लागते, कारण उलट्या सांध्यात हात पाठीशी नेणं अवघडच जातं. डॉक्टर हात किती अंश वर जातो ते मोजतात. ऑपरेशनला होकार देण्याआधी घरच्यांनीही एक हिशेब करावा: म्हातारं माणूस दिवसातून किती वेळा जमिनीवरून उठतं आणि तेव्हा हाताशी कोण असतं.